फुकट खेळाचा हिशेब



गेल्या उन्हाळ्यांतली गोष्ट. निवृत्तिवेतन जमा झालें कीं नाहीं हें पाहावें आणि पासबुकांत नोंदी करून घ्याव्या, म्हणून मी काटेवाडीहून बारामतीस गेलों होतों. बँकेंतील यंत्रानें पासबुक गिळलें, थोडी कुरकुर केली आणि बाहेर टाकलें, तेव्हां त्याचीं दोन पानें भरून गेलेलीं होतीं. माझा महिन्याचा व्यवहार तो केवढा! वीजबिल, औषधें, किराणा. दहाबारा ओळींत आटोपणारा. येथें तर ओळीमागून ओळ होती, आणि रकमा पाहाव्या तों २९ रुपये, ८९ रुपये, पुन्हां २९, मध्येंच ४४९. अडतीस वर्षें मुलांना बेरीज-वजाबाकी शिकविलेला मी मनुष्य. पण असल्या रकमा ना किराणा-दुकानाच्या वाटत, ना औषधांच्या. बांकड्यावर बसून पेन्सिलीनें खुणा केल्या. २९ रुपयांच्या बारा, ८९ च्या नऊ, ४४९ च्या चार आणि ७९९ च्या दोन. एकूण २७ नोंदी, बेरीज ४,५४३ रुपये.

चोरी झाली असें धरून मी घरीं आलों. चोर घरांतच होता आणि तो मुळींच लपलेला नव्हता. माझा नातू तेरा वर्षांचा आहे. दुधाचे व विजेचे पैसे माझ्या मोबाईलवरून तोच पाठवितो, कारण तीं बारीक अक्षरें मला नीट दिसत नाहींत; त्यासाठीं लागणारा गुप्त आंकडाहि मींच त्याला सांगितलेला. मीं पासबुक त्याच्यापुढें धरलें. तो म्हणाला, "आबा, तो खेळ फुकटच आहे कीं."

"मग हे पैसे कशाचे?"

"ते कपड्यांचे."

"कोणाच्या कपड्यांचे?"

"माझ्या माणसाच्या."

हा 'माणूस' म्हणजे मोबाईलच्या कांचेवर धांवणारा एक शिपाई. खेळ कोणालाहि मोफत मिळतो. मात्र शिपायाचा अंगरखा, बंदुकीवरची नक्षी आणि शत्रूस मारल्यावर करावयाचा नाच यांना पैसे पडतात. अंगरख्यानें शिपायास बळ चढतें काय, असें मीं विचारलें. तसें कांहीं नाहीं म्हणाला. बरोबर खेळणाऱ्या मुलांना तो दिसतो, एवढेंच. आणि ज्याच्यापाशीं नसतो त्याला वर्गांतील मुलें 'फुकट्या' म्हणून हिणवितात.

मी रागावलों, हें सांगावयास नकोच. पण राग ओसरल्यावर अंगांतला मास्तर जागा झाला. जो दुकानदार माल फुकट वांटतो, तो दुकान चालवितो कशाच्या बळावर? आणि माझ्या ४,५४३ रुपयांना नेमकी कोणती वस्तु मिळाली? हें समजून घेण्यासाठीं मीं कांहीं महिने वाचन केलें, मुलाला विचारलें, जुन्या विद्यार्थ्यांना पिडलें. माझें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां यंत्राच्या पोटांत शिरण्याचा माझा अधिकार नाहीं. व्यवहार तेवढा मीं तपासला आहे, आणि तोच आज आपणांपुढें मांडतों.

व्हिडिओ गेमचा धंदा पहिल्यानें उभा राहिला तो नाण्यावर. कॅलिफोर्नियांतील अटारी कंपनीनें १९७२ सालीं 'पाँग' नांवाचें चेंडूफळीच्या खेळाचें यंत्र बनविलें आणि सनीव्हेल येथील एका मद्यालयांत तें ठेवून दिलें. थोड्याच दिवसांत तें बंद पडलें. उघडून पाहिलें तों पेटींत नाणीं मावेनाशीं झाल्यामुळें तें अडलेलें होतें, ही हकीकत तें बनविणाऱ्या अभियंत्यानेंच पुढें सांगितली आहे. पुढें जपानांत 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ १९७८ त आणि 'पॅक-मॅन' १९८० त निघाला, तेहि नाण्याचेच. या व्यवहारांत गूढ असें कांहीं नव्हतें. नाणें टाका, हरेपर्यंत खेळा, हरलांत कीं बाजूला व्हा. खेळणारा लवकर हरावा यांत मालकाचा फायदा, म्हणून खेळ उत्तरोत्तर कठीण होत जाई. पण आपल्या हातचें नाणें गेलेलें डोळ्यांना दिसत असे, आणि खिसा रिकामा झाला कीं पाय आपोआप घराकडे वळत.

दुसरा प्रकार कॅसेटचा. तो पसरविणारी निंटेंडो ही कंपनी मूळची खेळाचे पत्ते करणारी. १८८९ सालीं क्योटो शहरांत फुलांच्या चित्रांचे 'हानाफुदा' पत्ते हातानें करून विकण्यापासून तिचा आरंभ झाला. आपल्या सावंतवाडीस लाखकामाचे गंजिफे करणारे चितारी आहेत, त्यांचीच ही जपानी भावकी म्हणावयाची. एक भावकी जगभर पसरली आणि दुसरी राजवाड्यांतील एका दालनांत जेमतेम तग धरून राहिली, याचा विचार कोणी तरी स्वतंत्रपणें केला पाहिजे. असो. या कंपनीनें १९८३ त 'फॅमिकॉम' हें यंत्र काढलें. यंत्र एकदां घ्यावें, आणि मग एकेक खेळ कॅसेटच्या रूपानें विकत आणावा.

आपल्याकडे १९९० नंतर जीं यंत्रें घरोघर आलीं तीं बहुतेक त्याच्या नकला होत्या. १९९५ च्या दिवाळींत माझ्या मुलानें हट्ट धरला तेव्हां मीं असेंच एक यंत्र पुण्याहून आणलें. त्याच्या कॅसेटवर '९९९९ खेळ' असें ठळक छापलेलें होतें; प्रत्यक्षांत दहाबारा खेळच नांवें आणि क्रम बदलून पुनःपुन्हां येत. ती फसवणूक होती खरी, पण मोजतां येण्यासारखी फसवणूक होती. मूळ कर्त्यास या धंद्यांतून दमडीहि मिळत नसे, हें मला पुष्कळ उशिरा कळलें. शाळेंत नक्कल करणाऱ्या मुलास छडी देणारा मी घरीं नकलेचीच कॅसेट आणीत होतों! तरी एक गोष्ट निर्विवाद होती. ती कॅसेट आमची होती. मुलगा ती शेजारच्या मुलाला देई, त्याची आपण आणी. आंत धूळ गेली कीं फुंकर मारी. कंटाळा आला कीं दुसऱ्या कॅसेटशीं बदली करी. त्यासाठीं क्योटोच्या कंपनीची किंवा कोणाचीहि परवानगी लागत नसे.

आतां तिसरा प्रकार, आणि सध्यांचा वाद आहे तो येथें. २००३ सालीं अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीनें 'स्टीम' नांवाचें दुकान इंटरनेटवर उघडलें. तेथें पैसे भरावे आणि खेळ तारेवाटे संगणकांत उतरवून घ्यावा. डबी नाहीं, चकती नाहीं, पोस्टाची दगदग नाहीं. सोय अशी कीं पाहतां पाहतां सगळा बाजारच तिकडे वळला. पण पैसे भरतांना जो करार आपण न वाचतां मान्य करतों, त्यांत असें असतें कीं आपण खेळ विकत घेत नसून तो वापरण्याचा परवाना घेत आहों, आणि हा परवाना कांहीं कारणांनीं संपूं शकतो.

हें कलम कागदावरच राहिलें असतें तर कोणी फारशी दखल घेतली नसती. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतींचा खेळ २०१४ त निघाला. तो कंपनीच्या दूरस्थ संगणकाशीं जोडलेला असल्याखेरीज चालत नसे. कंपनीनें ३१ मार्च २०२४ रोजीं ते संगणक बंद केले, आणि ज्यांनीं पुरे पैसे मोजून खेळ घेतला होता त्यांच्या हातांत कांहींच उरलें नाहीं. एकट्यानें खेळावा म्हटलें तरी खेळतां येईना. यावरून रॉस स्कॉट या अमेरिकन गृहस्थानें चळवळ आरंभिली. तिचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, खेळ कायम चालू ठेवा असें आम्ही म्हणत नाहीं. बंद करावयाचा असेल तेव्हां, घेणाऱ्यास तो आपल्या घरीं कसाबसा कां होईना चालवितां येईल, एवढी सोय करून मग दुकान मिटा. युरोपीय संघांतील नागरिकांच्या या मागणीच्या अर्जावर जुलै २०२५ मध्यें दहा लक्षांहून अधिक सह्या झाल्या. कंपन्यांची बाजूहि ऐकण्यासारखी आहे. संगणक चालविण्यास खर्च येतो. खेळांतील मोटारींच्या चिन्हांचे वा गाण्यांचे हक्क मुदतीपुरतेच घेतलेले असतात. आणि देखरेखीवांचून सोडून दिलेल्या खेळांत भलते लोक शिरले तर जबाबदार कोण, असा त्यांचा प्रश्न आहे.

या विषयावर आमच्या घरींहि एके रात्रीं चांगलाच वाद झाला. मुलगा म्हणाला, "आबा, सिनेमाचं तिकीट काढतां, तेव्हां घरीं काय आणतां? तीन तास मजा केली, पैसे फिटले." सूनबाईंनीं त्याला जोड दिली: "मामा, लग्नांत आपण भाड्याचे फेटे बांधतोंच कीं. ते तरी कुठं घरीं ठेवायला मिळतात?" दोघांचेंहि म्हणणें मला पटलें. भाड्याच्या वस्तूंत वाईट कांहींच नाहीं. पण फेटेवाला भाडें घेतों असें म्हणून भाडें घेतो. तिकिटावर दिनांक आणि वेळ छापलेली असते. 'विकत घ्या' अशी पाटी लावून भाडें घेणें हा वेगळा प्रकार आहे. कॅलिफोर्निया राज्यानें नेमका हाच धागा धरला. १ जानेवारी २०२५ पासून तेथील कायदा असा आहे कीं, जी डिजिटल वस्तु कायमची मिळत नाहीं, तिच्यापुढें 'खरेदी' असा शब्द वापरावयाचा तर हा केवळ परवाना आहे हें ग्राहकास स्पष्ट सांगितलें पाहिजे. कायद्यानें एका क्रियापदाची राखण करावी, हें पाहून माझ्यासारख्या व्याकरण शिकविणाऱ्यास बरें वाटलें.

तरुण मंडळींत चकती चांगली कीं तारेवाटे उतरविलेला खेळ चांगला, याचा जो अखंड वाद चालतो, तो मला आधीं पोरकट वाटे; आतां वाटत नाहीं. चकती दुसऱ्यास विकतां येते, उसनी देतां येते, जुन्या बाजारांत अर्ध्या किमतीस मिळते. मात्र आतां चकतीचाहि भरंवसा राहिलेला नाहीं. निंटेंडोचें 'स्विच २' हें यंत्र ५ जून २०२५ रोजीं बाजारांत आलें. त्याच्या कांहीं खेळांच्या डबींत जें कार्ड येतें, त्यांत खेळ नसतोच, तो उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते. ताटावर झांकण आहे, आंत पदार्थ नाहीं. पदार्थ भटारखान्यांतून मागवावयाचा, भटारखाना उघडा असेल तर!

हें सर्व ऐकून नातू म्हणाला, "पण आबा, माझा खेळ फुकट आहे. मला हें कांहींच लागू नाहीं." त्याला सर्वांत अधिक लागू आहे, आणि तें कसें हें सांगण्यासाठींच मीं हा लांबचा वळसा घेतला.

आपल्या देशांत घराघरांत खेळ पोंचला तो मोबाईलवाटे. २०१६ या एकाच सालीं दोन गोष्टी घडल्या: यूपीआयनें पैसे पाठविण्याची पद्धति सुरू झाली, आणि जिओच्या आगमनानें इंटरनेट अतिशय स्वस्त झालें. खेडोपाडीं ज्या घरांत संगणक कधीं आला नव्हता, तेथील मुलांच्या हातांत खेळहि आला आणि पैसे देण्याचें साधनहि आलें, तेंहि एकाच कांचेवर. नाण्याच्या यंत्रापुढें हात खिशांत घालावा लागे. येथें तर बोट उचलावें लागत नाहीं.

फुकट खेळाचें अर्थशास्त्र असें आहे. खेळणाऱ्यांतील बहुसंख्य लोक एक पैसाहि देत नाहींत. थोडे लोक थोडें देतात, आणि अगदीं मोजके लोक पुष्कळ देतात. त्यांना या धंद्यांत 'व्हेल', म्हणजे देवमासे, म्हणतात. फुकट खेळणारे कंपनीला जड होत नाहींत. तेच तर गर्दी! नवा अंगरखा घालून मिरवावयाचें तर बघणारे हवेत, आणि बघणारे फुकट जमतात.

पुढची युक्ति चलनाची. खेळांत वस्तूंची किंमत रुपयांत नसते. हिऱ्यांत किंवा मोहरांत असते. समजा, अंगरखा १०० हिऱ्यांचा आहे आणि हिरे विकत मिळतात ते ८० च्या किंवा १७० च्या पुडींत. ८० पुरत नाहींत म्हणून आपण १७० घेतले. अंगरखा घेऊन ७० उरले. दुसरा अंगरखा पुन्हां १०० चा. उरलेले ७० वांया जाऊं नयेत म्हणून आणखी पुडी घ्यावी, कीं पुन्हां कांहीं तरी उरतेंच. सुट्टे नाहींत म्हणून हातावर गोळ्या टेकविणारे वाणी आपणांस ठाऊक आहेत. त्यांना ही युक्ति सुचली नाहीं हें आपलें भाग्य. शिवाय हिशेब रुपयांत राहिला नाहीं कीं तो डोक्यांतून सुटतो. माझ्या नातवाला त्रैराशिक येतें. पण आपले किती रुपये गेले हें त्याला खरोखरच सांगतां आलें नाहीं.

मग मुदतीची युक्ति. अमुक वस्तु पुढल्या तीन दिवसांतच मिळेल, नंतर कधींहि नाहीं, असा पुकारा चालूच असतो. आमच्या गांवीं आषाढवारींत श्रीतुकाराममहाराजांची पालखी येते, धोतरांच्या पायघड्या पडतात, मेंढ्यांचें रिंगण होतें; तेंहि वर्षांतून एकदांच. चुकलें तर मन हळहळतें, पण पुढल्या वर्षीं पालखी येणार हें माहीत असतें. खेळांतली मुदत मात्र कोठल्या पंचांगावरून ठरत नाहीं. मुलाला घाई व्हावी एवढ्यासाठींच ती ठरविलेली असते.

आणि शेवटची युक्ति पेटीची. पैसे देऊन बंद पेटी घ्यावयाची. आंत काय निघेल तें नशीब. जत्रेंतील चिठ्ठ्या उचलण्याच्या खेळापेक्षां हें वेगळें कसें, हा प्रश्न बेल्जियमच्या अधिकाऱ्यांना पडला, आणि २०१८ सालीं त्यांनीं अशा विकतच्या पेट्या त्यांच्या कायद्यानें जुगारच ठरतात असा निर्णय दिला. अमेरिकेंत 'फोर्टनाइट' खेळ काढणाऱ्या एपिक कंपनीशीं तेथील व्यापार आयोगाचा डिसेंबर २०२२ मध्यें तडजोडनामा झाला, त्यांत २४.५ कोटि डॉलर ग्राहकांना परत देण्याचें ठरलें. आयोगाचा आक्षेप असा होता कीं, खेळांतील बटनांची मांडणी अशी गोंधळाची होती कीं एका दाबण्यासरशीं, मनांत नसतां, खरेदी होऊन जाई, आणि मुलें आईबापांच्या नकळत पैसे खर्च करूं शकत.

मग आपल्या सरकारनें काय केलें, असें कोणी विचारील. आपल्या संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें ऑनलाइन खेळांविषयीं कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. त्यानें खेळांचे तीन वर्ग पाडले: ई-क्रीडा, सामाजिक खेळ आणि पैशाचे खेळ. पैसे लावून पैसे जिंकण्याची आशा जेथें दाखविली जाते, असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटि रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. त्याची जाहिरात करणाऱ्यासहि शिक्षा आहे, खेळणाऱ्यास मात्र नाहीं. क्रिकेटच्या सामन्यांवर संघ लावण्याच्या ज्या पैशाच्या स्पर्धा गांवोगांवच्या पारांवर चालत, त्यांचीं मोठीं दुकानें त्यानंतर बंद झालीं. कर्जांत बुडालेल्या किती तरी घरांना हा कायदा उशिराच आला. पण माझ्या पासबुकांतील सत्तावीस ओळींस तो लावावा म्हटलें तर लागत नाहीं. नातवानें पैसे जिंकण्यासाठीं दिलेच नव्हते. त्यानें अंगरखा घेतला होता. येथें राखण घरानेंच करावयाची आहे.

बरें, अंगरखा तरी टिकतो काय? २ सप्टेंबर २०२० रोजीं केंद्र सरकारनें ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत 'पबजी मोबाईल' होता. ऑक्टोबरअखेर त्याची भारतांतील सेवा थांबली. लाखों मुलांची कपाटें एका रात्रींत कुलुपबंद झालीं. जुलै २०२१ मध्यें तो खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नांवानें परत आला आणि जुनी मालमत्ता हलवून घेण्याची सोय मिळाली. जुलै २०२२ मध्यें हाहि दुकानांतून काढला गेला, आणि मे २०२३ मध्यें पुन्हां आला. बंदी योग्य कीं अयोग्य हा राज्यकर्त्यांचा विषय. मला दिसतें तें इतकेंच कीं, या साऱ्या उलथापालथींत अंगरखा ज्याच्या अंगावर होता, त्याला कोणी कांहीं विचारलें नाहीं.

येथवर ऐकून मी या खेळांचा वैरी आहें असा समज होईल, तर तो खरा नव्हे. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या लहानशा मंडळीनें 'राजी' नांवाचा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध केला. असुरांनीं पळवून नेलेल्या भावाला शोधावयास निघालेली एक मुलगी, प्राचीन भारतांतले महाल, पहाडी शैलीचीं चित्रें आणि छायाबाहुल्यांनीं सांगितलेली कथा असा त्याचा थाट आहे. त्यासाठीं २०१७ त लोकांकडून वर्गणी मागितली ती पुरी पडली नाहीं; तरी मंडळी खपली आणि खेळ तडीस नेला. मुलानें तो मला चालवून दाखविला. एकदां पैसे द्यावे, आरंभ ते शेवट खेळावा, मध्यें कोणी हात पसरीत नाहीं. वाचनालयांतून आणलेली चांगली कादंबरी संपविल्यासारखें वाटलें. डोळे मात्र दुखले.

मुलाच्या मनांत घरीं 'प्लेस्टेशन ५' घ्यावें असें आहे. फेब्रुवारी २०२१ मध्यें तें भारतांत आलें तेव्हां चकती चालणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये आणि बिनचकतीच्या यंत्राची ३९,९९० होती. दहा हजार वांचतात म्हणून बिनचकतीचें घ्यावें, असें सूनबाईंचें मत. मीं म्हटलें, त्या दहा हजारांत तुम्ही खेळ उसना आणण्याचा, विकण्याचा आणि जुना घेण्याचा हक्क विकून टाकतां. दोन वर्षांत किती खेळ घ्याल तें आधीं कागदावर मांडा. तो कागद अजून कोरा आहे, आणि यंत्रहि अजून आलेलें नाहीं.

नातवाच्या प्रकरणाचा निकाल असा झाला. गुप्त आंकडा त्याला देणारा मी, म्हणून अर्धा दोष माझा. ४,५४३ चे अर्धे २,२७१ रुपये ५० पैसे त्यानें फेडावयाचे, तें खाऊच्या आणि सणावारीं हातावर पडणाऱ्या पैशांतून. गुप्त आंकडा मीं बदलला आहे. आतां दुधाचे पैसे मी चष्मा लावून स्वतः पाठवितों आणि दोनदां चुकतों. खेळ मीं बंद केला नाहीं. मात्र त्यानें एक वही घातली आहे, आणि अंगरखा घ्यावासा वाटला कीं हिऱ्यांचे रुपये करून तो आंकडा आधीं तींत लिहावयाचा, मग रात्र जाऊं द्यावयाची, असा ठराव आहे. वहींत आजवर अकरा आंकडे लिहिले गेले. त्यांपैकीं नऊ त्यानें स्वतःच दुसऱ्या दिवशीं खोडले. दोन अंगरखे मींच माझ्या पैशानें घेऊन दिले, आणि त्यांतला एक, खरें सांगावयाचें तर, मला आवडला होता. कर्जापैकीं नऊशें रुपये फिटले आहेत.